शुक्रवारची सुट्टी

श्यामसुंदर येणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एक रावसाहेब सोडून.

वेणूबाईंनी धाकट्या दिराला पत्र टाकलं ते गुपचूप. नवऱ्याला सांगायचं 'आज सांगते, उद्या सांगते' करत राहून गेलं. त्यामुळे शनिवारी दुपारी चारला सिडकोच्या त्या तिसऱ्या मजल्यावर कडी वाजली तेव्हा दार उघडायला गेले ते नेमके रावसाहेब. बाहेर खांद्यावर बाजरीचं पोतं घेऊन सख्खा भाऊ उभा. अकरा वर्षांनी.

"सलाम, दादा."

"सलाम," रावसाहेब म्हणाले, कारण ख्रिस्ती माणसानं सलामाला सलाम द्यायचाच असतो. मग आत वळून ओरडले, "अगं ऐकलंस का? कोण आलंय बघ!"

"अगंबाई, भाऊजी!" वेणूबाई इतक्या आश्चर्यानं म्हणाल्या की त्यांच्या सुनेला, मार्थाला, हसू दाबायला तोंडात पदर कोंबावा लागला.

"तुमचं पत्र मंगळवारी पोचलं, वहिनी," श्यामसुंदर पोतं उतरवत म्हणाला. झालं! सोंग उंबऱ्यातच उघडं पडलं.

पण रावसाहेब चिडले नाहीत. उलट त्यांना मनापासून आनंद झाला, आणि तो खराच होता. उद्या रविवारी वाशीच्या मंडळीचं पहिलं प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर वाटून खाण्याचा विधी. आजवर त्यासाठी खाडीचा पूल ओलांडून मुंबईला जावं लागे. उद्या पाळकसाहेब स्वतः इकडे येणार होते, आणि मंडळीचे निवडलेले वडील म्हणून भाकर वाटायचा मान रावसाहेबांचा होता. नेमक्या त्याच्या आदल्या दिवशी चुकलेला भाऊ आपल्या पायांनी दारात! देवाची वेळ कधी चुकत नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी टेबलाचा खण उघडून एक कागद आहे ना ते पाहिलं. कागद होता. तो त्यांनी तीन वर्षांपूर्वीच लिहून ठेवला होता. तारीख घालायची आणि श्यामसुंदरची सही घ्यायची एवढंच बाकी होतं.

भांडण सगळ्यांना तोंडपाठ होतं. बहात्तरच्या दुष्काळात श्यामसुंदर नगरकडे गावी आईजवळ होता आणि सरकारी कामावर खडी फोडत होता. रविवारीसुद्धा. हे रावसाहेबांच्या कानावर आलं. तेव्हा ते मुंबईत मास्तर होते, तिथल्या मंडळीचे पंच होते. त्यांनी गावच्या मंडळीला सरळ पत्र लिहिलं, की प्रभूचा दिवस मोडणाऱ्याला प्रभूच्या मेजावर जागा नसावी, मग तो माझा भाऊ का असेना. मंडळीनं श्यामसुंदरला प्रभुभोजन बंद केलं. भाऊ म्हणून आपण गय केली नाही, हे रावसाहेब पुढं कित्येकदा सांगत. सांगताना त्यांचा आवाज जड होई. त्यांना खरोखर वाईट वाटे, आणि थोडा अभिमानही वाटे.

*

दिवेलागणीला घरची प्रार्थना. उजागऱ्यांच्या घरात ती चुकत नसे. गीत, शास्त्रपाठ, मग एकेकानं प्रार्थना करायची, आणि शेवटी सगळ्यात लहानानं. सगळ्यात लहान म्हणजे नात सुवार्ता, वय सहा. तिला प्रार्थना अख्खी पाठ होती. एकच खोड होती, की मध्येच डोळे उघडून बघायची, आणि आजोबा म्हणायचे, "सुवार्ता, डोळे मीट!" आजोबांना मिटल्या डोळ्यांनी कळतं कसं, हे कोडं तिला अजून सुटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं हात जोडले आणि एका दमात सुरू केलं.

"हे प्रभू, आजच्या भाकरीबद्दल उपकार मानते. पप्पांना कारखान्यात सांभाळ. आणि श्यामसुंदर आजोबांचे डोळे उघड, त्यांचं कठीण मन मऊ कर, त्यांना त्यांची चूक दिसू दे, आणि त्यांना घरी आण. आमेन."

आमेन कुणीच म्हटलं नाही. मार्था सतरंजीचे दोरे मोजू लागली. सुवार्ताच्या बापानं, जयप्रकाशनं, डोळे उघडलेच नाहीत, उघडून बघायचं कुणाकडे? शेवटी श्यामसुंदरच मोठ्यानं म्हणाला, "आमेन!" आणि मांडीवर थाप मारून हसला.

"बाळ, कधीपास्नं चालू हाये ही प्रार्थना?"

"रोज," सुवार्ता म्हणाली. "मी बोलायला लागायच्या आधीपासून. आधी पप्पा म्हणायचे."

"आसं व्हय! तरी म्हनलं मला उचक्या का लागत्यात दिवेलागनीला."

तो हसला, पण वेणूबाईंनी पाहिलं, त्याचा हात मांडीवर जिथं आपटला तिथंच राहिला होता. वेणूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसाला पत्र लिहून बोलवायचं काय, आणि घरात घेऊन हे ऐकवायचं काय! त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. दिवाळे गावच्या गोजरा कोळणीनं सकाळी दिलेल्या बोईट माशांना त्यांनी गरजेपेक्षा जास्तच तिखट लावलं.

*

जेवताना मात्र बरं चाललं होतं. बोईटं झणझणीत झाली होती, श्यामसुंदर नाक पुसत पुसत वाहवा करत होता, आणि गावाकडच्या गोष्टी निघाल्या होत्या. मग तो पुतण्याला सहज म्हणाला, "जयप्रकाश, सकाळी मला जरा खाडीवर घेऊन चल. मला पूल बघायचाय तुमचा."

"सकाळी नाय जमणार काका. फर्स्ट शिफ्ट आहे. सव्वासहाला कंपनीची बस येते."

"उद्या? उद्या तर रविवार."

"आपली सुट्टी शुक्रवारी. ठाणे-बेलापूर रोडला सगळ्यांची तशीच. विजेचा लोड येतो ना, म्हणून पट्ट्यापट्ट्यानं सुट्ट्या वाटून दिल्यात. पण टेन्शन नाय, चारपर्यंत घरी येतो."

घास कुणाचाच थांबला नाही, पण बोलणं थांबलं. ती शांतता रावसाहेबांना कळली नाही. त्यांना वाटलं, भावाला नीट समजावून सांगावं.

"आमच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांची तीच गत आहे," ते म्हणाले. "म्हणून उपासना सकाळची संध्याकाळी नेली. ठराव मीच मांडला. म्हटलं, पोरं पोटासाठी जातात, हौसेनं नाही. देव काय घड्याळ घेऊन बसलाय?"

"बरं केलंस, दादा," श्यामसुंदर म्हणाला. तेवढंच. आणि त्यानं बोईटाचा काटा ताटाच्या कडेला नीट लावून ठेवला.

जयप्रकाशनं बापाकडे पाहिलं. यांना खरंच कळत नाही? तो पोरवयापासून ती प्रार्थना करत आला होता. काका म्हणजे भयंकर चूक केलेला माणूस, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आणि तो भयंकर माणूस समोर बसून त्याच्या पोरीला काटे काढून मासा भरवत होता.

हात धुऊन रावसाहेबांनी कागद आणला. "श्याम, उद्या पाळकसाहेबांच्या हातात हा दिला की झालं. मग तू आमच्याबरोबर मेजावर बसशील. मला दुसरं काही नको."

श्यामसुंदरनं चष्मा नव्हता म्हणून कागद पुतण्याकडे सरकवला. जयप्रकाशनं मोठ्यानं वाचला. "मी, श्यामसुंदर सिताराम उजागरे, कबूल करतो की सन एकोणीसशे बहात्तर साली मी प्रभूच्या दिवशी कामावर जात असे..." तो थांबला. "बाबा, पेन द्या."

"तुला कशाला?"

"माझं पण नाव घालतो ना. खाली जागा आहे. जयप्रकाश रावसाहेब उजागरे. वर्षं चार. रविवार मोजून घ्या तुम्हीच."

"मूर्खासारखं बोलू नको. तुझी गोष्ट वेगळी आहे."

"काय वेगळी?"

"तुझ्या कंपनीची सुट्टीच शुक्रवारी."

"काका, तुमच्या खडीची सुट्टी कधी असायची?"

श्यामसुंदरला बोलायचं नव्हतं. आलो होतो वहिनीच्या पत्रासाठी, चार दिवस पोराबाळांत राहावं, जावं. पण पोरगं डोळ्यांत बघत होतं. "बुधवारी," तो म्हणाला. "बाजारच्या दिवशी. रविवारी खाडा केला का हप्त्याची ज्वारी कमी. आई हुती घरात. तिला उपाशी ठिवायची व्हय?"

"तू मला हे लिहिलं नाहीस!" रावसाहेबांचा आवाज चढला.

"तू इचारलं नाहीस, दादा."

"आईनं तरी कळवायचं! तिचे शेवटचे दिवस तुझ्या ह्या प्रकरणानं..."

"पुरे!" वेणूबाई. त्या घरात हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. सुवार्ता आईला चिकटली.

वेणूबाई पाटावर बसल्या आणि सांगू लागल्या. "चौऱ्याहत्तरला सासूबाईंच्या आजारपणात मी दीड महिना गावी होते. तुम्हाला रजा नव्हती, मातीलाही येता आलं नाही. गावच्या देवळात प्रभुभोजनाची भाकर त्याच करायच्या, ठाऊक आहे ना? तीस वर्षं. बाजरीची, बिनमिठाची. त्या महिन्यात धड उठवत नव्हतं, तरी चुलीपाशी बसून त्यांनी भाकर केली. देवळात नेली. आणि मग पुढं बसायचं सोडून मागं दाराजवळ भाऊजींच्या शेजारी जाऊन बसल्या. ताट आलं. स्वतः थापलेली भाकर, आणि त्यांनी मान हलवली. घेतली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, 'त्याला न्हाई तर मलाबी न्हाई. माझ्यापायी गेला तो कामावर.' दोन वर्षं असं चाललं होतं. तशाच गेल्या."

रावसाहेब उभेच होते. "तू मला हे नऊ वर्षं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, श्यामनं आईलाही बिघडवलं."

रावसाहेब अगदी हेच म्हणणार होते.

*

रविवारी सकाळी सहाला रावसाहेब नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून प्रार्थनेला बसले. डोळे मिटले. शब्द येईनात. इतकी वर्षं पहिला शब्द उच्चारला की पुढचे आपोआप येत. आज पहिलाच अडला, कारण तो 'श्यामसुंदर' होता.

मागं मोरीत पाणी पडलं. डब्याचं झाकण लागलं. मार्था हळू आवाजात काहीतरी बोलली. चपला. दार. हे सगळे आवाज ते चार वर्षं दर रविवारी ऐकत होते, पण पोरगा कामाला जाताना त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. सहा ते साडेसहा त्यांचे डोळे मिटलेले असत.

ते उठले, सदरा अडकवला आणि खाली उतरले.

बसथांब्यावर पंधरा-वीस जण होते. जयप्रकाश दचकला. "बाबा? काय झालं? कुणाला काय..."

"काही नाही. चल, उभा राहतो जरा."

"सलाम, मास्तर!" कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक सलाम. रावसाहेबांनी बघितलं. हा गीतं सांगणारा, तो सतरंज्या घालणारा, ती दोघं नवराबायको गेल्याच महिन्यात बाप्तिस्मा घेतलेली. सगळ्यांच्या हातात डबे, डोळ्यांवर झोप. ह्याच माणसांना आज संध्याकाळी ते स्वतःच्या हातानं भाकर देणार होते. ह्यांच्यातल्या एकाबद्दलही पत्र लिहायचं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. ह्यांची अडचण त्यांना न सांगता दिसली होती, आणि सख्ख्या भावाची दिसली नव्हती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्यावर त्यांनी आयुष्यात किती बोधवचनं दिली असतील, देवच जाणे.

बस आली. चढताना जयप्रकाश म्हणाला, "काल जरा जास्तच बोललो, बाबा."

"नाही रे," रावसाहेब म्हणाले. "उशिरा बोललास. माझ्यावर गेला नसतास तर पोरवयातच बोलला असतास." आणि बस निघाल्यावर ते तिथंच कठड्यावर बसून रडले. लोकांनी पाहिलं तरी पाहिलं.

परत आले तर जिन्याखाली श्यामसुंदर गोजराच्या पाटीपुढे उकिडवा बसून कोळंबीचा भाव करत होता.

"मास्तर, तुमचा भाऊस हाय ना ह्यो?" गोजरा म्हणाली. "तोंड सारकाच हाय. पन ह्यो लय घासाघीस करतंय, तुमी बरं."

"तो बरा आहे," रावसाहेब म्हणाले. "मला कुणी बरं म्हणू नका आज."

गोजराला काही कळलं नाही. ती पाटी उचलून पुढच्या जिन्याकडे गेली. दोघं भाऊ पायरीवर बसले.

"श्याम, मी चुकलो. तुझ्याही बाबतीत, आईच्याही. इतकी वर्षं मी देवाला सांगत होतो, ह्याला दाखव, ह्याला दाखव. आंधळा मीच होतो. तो कागद फाडला मी. आज भाकर दुसरं कुणी वाटेल. मी मागं बसतो."

श्यामसुंदर पायरीवरची माती नखानं खरवडू लागला. "माझी बंदी उठली, दादा. कवाच. आई गेली त्याच्या फुडच्याच वर्साला पाळक घरी आले, म्हनले चल, ये मेजावर."

"मग?"

"म्या न्हाई गेलो. म्हनलं, ज्यानं काढलं त्यानं द्यावी. त्याच्या हातची आली तरच खाईन. आठ वर्सं तिथं प्रभूचं ताट माझ्यापुढनं गेलं, आन म्या तुझ्यावर रुसून बसलो." तो ओशाळून हसला. "पोरीची प्रार्थना काय खोटी नव्हती. मलाबी कुठं दिसत हुतं? आता तू म्हनतो मागं बसतो. मंग मी कुनाच्या हातची घेऊ?"

रावसाहेबांनी भावाचा हात धरला. खडीनं घट्टे पडलेला होता, अजून.

वरून वेणूबाईंची हाक आली. "अहो, दोघंही वर या! मेजावरच्या भाकरीसाठी भाऊजींच्या बाजरीचं पीठ केलंय, आणि मला मेलीला इथं गॅसवर भाकर थापता येत नाहीये. सासूबाई पाणी कढत घ्यायच्या की गार?"

"कढत!" दोघं एकदम ओरडले.

*

संध्याकाळी शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या वर्गात वाशीची मंडळी जमली. बाकं पोरांची, त्यामुळे मोठ्यांचे गुडघे वर आलेले. कारखान्यातली माणसं तोंडं धुऊन सरळ आली होती. बोधापूर्वी पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाचं कुणाशी काही वाकडं असेल तर आत्ता मिटवावं. दरवेळी मुंबईत हा प्रश्न झाला की रावसाहेब मंडळीवर नजर फिरवत असत. आज ते स्वतः उभे राहिले. फार बोलले नाहीत. भावाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, आपली चूक सांगितली आणि खाली बसले. मागच्या बाकावरून श्यामसुंदर उठला आणि म्हणाला, "माझीबी हाये. निम्मी लिवा माझ्या नावावर." लोक हसले, काहींनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी भाकरीचं ताट उचललं आणि रावसाहेबांच्याच हातात दिलं.

ते बाकांमागून बाकं करत शेवटच्या बाकापाशी आले. तिथं श्यामसुंदर, शेजारी कंपनीच्या निळ्या शर्टात जयप्रकाश, त्याच्या पलीकडे मार्था आणि सुवार्ता. श्यामसुंदरनं तुकडा उचलला. तोंडात घातला, चावला, आणि भावाकडे वाकून पुटपुटला, "दादा, करपली रं."

"आईची नाही करपायची," रावसाहेब म्हणाले, आणि उपासनेत कधी दात न दाखवलेला तो माणूस हसला. डोळ्यांतून पाणी आलं ते हसण्याचं की कशाचं, त्यांनाही सांगता आलं नसतं.

वाटणाऱ्यानं आपला तुकडा मेजाशी परत जाऊन घ्यायचा, अशी रीत. रावसाहेब गेले नाहीत. "सरक," ते भावाला म्हणाले, आणि त्या चिमुकल्या बाकावर टेकून तिथंच, दाराजवळ, त्यांनी भाकर खाल्ली.

पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना सुरू केली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सुवार्तानं सवयीप्रमाणे हळूच एक डोळा उघडला आणि आजोबांकडे पाहिलं. तिचा विश्वासच बसेना. आजोबांचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते. ते एकदा श्यामसुंदर आजोबांकडे बघत होते, एकदा पप्पांकडे, पुन्हा श्यामसुंदर आजोबांकडे.

"आजोबा," ती कुजबुजली, "डोळे मिटा ना! प्रार्थना चाललीय."

"आज नको गं," रावसाहेब म्हणाले. "जरा बघू दे मला."